खिचडी-खट्टा

हैदराबादची फुफू उन्हाळ्यात पोरांना घेऊन पांढरकवड्याला यायची. आदिलाबादकडून आलेल्या बसमधून उतरताच पोरं विचारत, "मुमानी, आज भाकर तो नहीं ना?" धाकट्याला वरण नको, थोरलीला वांग्यात बी दिसलं की मळमळ. अंबाडी चालायची, पण गोश्तातली!

१९८६ च्या उन्हाळ्यात गोश्ताला पैसे नव्हते. कापसाचा चुकारा यायचा होता. अम्मीने तोड काढली. खिचडी आणि खट्टा. हैदराबादेत खिचडीत मसूर घालतात, आमच्या घरात तूर होती. चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाचं कूट, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. खट्टा चुलीवर चढवायचाच नाही, म्हणजे लाकडंही वाचली. पोरांनी ताटल्या चाटून पुसून साफ केल्या.

सलग तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी फुफू म्हणाली, "भाभी, हमारी पसंद का कित्ता खयाल रखते तुम!" अम्मी नुसती हसली. अब्बांनी ताटावरून मान वर केली नाही.

निघताना फुफूने माझ्या मुठीत पन्नासची नोट कोंबली. "अब्बा को नको बोल. गोश्त ला."

संध्याकाळी गोश्त शिजलं. पैसे कुठून आले, हे अम्मीने विचारलं नाही.