घरातला बेपत्ता

वीस वर्षं मी बँकेत लोकांचे पत्ते तपासतो आहे. लाइट बिल दाखवल्याशिवाय सख्ख्या मेव्हण्यालाही मी खातं उघडू दिलेलं नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरातल्या यंत्राचा पत्ता सापडू नये, याला दैवदुर्विलास म्हणतात.

यंत्र म्हणजे कन्येचा जुना लॅपटॉप. हॉस्टेलला जाण्यापूर्वी तिने त्याचा 'सर्व्हर' केला, घरातले सगळे फोटो नि व्हिडिओ त्यात भरले आणि त्याला चपलांच्या कपाटावर बसवलं. स्क्रीन फुटलेला, त्यामुळे तो तोंडाने काही सांगेल ही आशा नाही. मोबाइलमध्ये १९२.१६८.१.५ टाकलं की फोटो यायचे.

अप्पांचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी वीज जाऊन आली. जेवणं उरकल्यावर आई म्हणाली, "ह्यांचा तो व्हिडिओ लाव रे." आकडा टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. पुन्हा काही नाही. आई चष्मा पुसून तयार!

कन्येला फोन लावला.

"बाबा, पत्ता बदलला असेल. राउटर मागेल त्याला मोकळा नंबर देतो. वीज आल्यावर टीव्ही आधी उठला असेल, पाच नंबर त्याने उचलला."

म्हणजे हे टोकन! आमच्या ब्रँचमधल्या जुन्या पितळी टोकनासारखं. आज पाच नंबर तुमचा, उद्या परक्याचा. आणि मी ते टोकन कायमचा पत्ता समजून डायरीत लिहून ठेवलं होतं!

मग १९२.१६८.१.१ हे राउटरचं दार उघडलं. पासवर्ड राउटरच्या बुडाशी छापलेला, म्हणून आधी स्टुलावर चढून तो उलटा केला. आत यादी निघाली. घरात माणसं तीन, यादीत नावं अकरा! त्यातला एक फोन शेजारच्या चिरंजीवांचा. आमचं वायफाय बाहेर जेवतं, हे तेव्हा कळलं.

"यातला आपला कुठला गं?"

"मॅक अ‍ॅड्रेस बघ. लॅपटॉपच्या पोटाला मी चिठ्ठी चिकटवली आहे. नंबर बदलला तरी तो तोच राहतो."

बारा अक्षर-आकड्यांचा खाते क्रमांकच की! आता मी माझ्या मुलखात आलो. सौभाग्यवती चिठ्ठी वाचते आहे, मी यादीवर बोट फिरवतो आहे. नवव्या ओळीला टॅली झालं. स्वारी १४ नंबरवर बसली होती. कन्येने लगेच राउटरमध्ये तो नंबर त्याच्या नावावर राखून ठेवायला लावला. आता वीज गेली तरी टीव्हीची टाप नाही.

व्हिडिओ लागला. चाळीस सेकंदांचा. अप्पा घरभर फिरताहेत, उशा उलथताहेत. "अगं, माझा चष्मा कुठे गेला?"

कॉटवरून आई नेहमीच्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "कपाळावर!"

आम्ही कोणीच काही बोललो नाही. जरा वेळाने तीच म्हणाली, "परत लाव."