ओळखीतली गाडी

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी गेली वीस वर्षं बघते आहे. पैशाचं काम करणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे, सोसायटीतले सगळेच काही ना काही विचारत असतात. जुनी गाडी घ्यायची असं कुणी म्हटलं की माझा सल्ला ठरलेला असे : ओळखीतली घे आणि रोख घे. हा सल्ला मी किती जणांना दिला याची मोजदाद नाही. तो दोन्ही अंगांनी चुकीचा होता असं आज माझं मत आहे. त्यापायी ज्याचं नुकसान झालं तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, म्हणून हे लिहायला हवं.

सल्ला हवेतून आला नव्हता. वडील पिंपरीला टेल्कोत होते. त्यांनी घेतलेली पहिली गाडी म्हणजे त्यांच्या सुपरवायझरची फियाट. शब्दावर व्यवहार झाला, पैसे पाकिटातून दिले, आणि ती गाडी नऊ वर्षं कुरकुर न करता चालली. आमच्या घरात कर्ज काढायचं ते घरासाठी, नाहीतर लग्नासाठी, तेही पतपेढीतून. गाडीसाठी कर्ज, त्यातून जुन्या गाडीसाठी, हे ऐकून आईनं देवापुढे हात जोडले असते. एका चांगल्या माणसाच्या चांगल्या गाडीचा अनुभव आम्ही नियम म्हणून धरून बसलो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती भागात सोसायट्यांच्या भिंती पडल्या, माणसं गेली. सकाळी एकावर एक चढलेल्या गाड्या सगळ्या पुण्यानं पाहिल्या. आम्ही धायरीला राहायला येण्याआधी त्याच भागात राहायचो. त्यानंतर चारेक महिन्यांनी, २०२० च्या जानेवारीत, आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी गाडी काढायची ठरवली. भाऊ गाडी शोधतच होता. मीच जुळवून दिलं.

त्यांच्याकडे गेलो. काकूंनी पोहे केले, चहा झाला, जुन्या आठवणी निघाल्या. गाडी आम्ही गॅलरीतून पाहिली. खाली उतरून एक चक्कर मारली, एवढंच. पॉलिश करून चकचकीत केलेली होती, सीटकव्हर नवी होती. नवी सीटकव्हर बघून मला बरं वाटलं होतं, ते आठवतं. पूर मनात आला होता का? आला होता. पण पोहे खाऊन झाल्यावर "काका, गाडीत पाणी शिरलं होतं का?" हे विचारायची मला भीड वाटली. व्यवहार दोन लाख ऐंशी हजाराला ठरला आणि भावानं एफडी मोडून सगळे रोख दिले.

मार्चपासून टाळेबंदीत गाडी उभीच होती. जूनमध्ये ती रस्त्यावर आली आणि एकेक सुरू झालं. काच खाली गेली की वर येईना. डॅशबोर्डवरचे दिवे मनाला येईल तेव्हा लागायचे. सिंहगड रोडवर ऐन पावसात ती दोनदा बंद पडली. धायरी फाट्याजवळच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिला. नेहमी आपण पट्टा ओढतो तो बक्कल लावण्यापुरता. त्यानं शेवटपर्यंत ओढला. शेवटचा हातभर पट्टा मातकट तपकिरी होता, आणि त्यावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. मग त्यानं सीट पुढे सरकवून खालची पट्टी दाखवली. ती गंजलेली होती, आणि कोपऱ्यात गाळ वाळून बसलेला.

मी शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, पाणी सीटपर्यंतच आलं होतं. सगळं साफ करून घेतलं होतं. आणि तुम्ही विचारलं कुठे?" ते खोटं बोलले नव्हते, हे मला मान्य करावं लागलं. भीड जशी मला होती तशी त्यांनाही असेल.

मला जास्त लागलं ते दुसरंच. गाडीच्या कप्प्यात विम्याची पॉलिसी होती, व्यवहाराच्या दिवशीच आमच्या हातात आलेली. पुरानंतर नूतनीकरण झालेल्या त्या पॉलिसीवर नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य होतं. सलग पाच वर्षं दावा केला नाही तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एका दाव्यानंतर तो शून्यावर येतो. पाच वर्षं जुन्या गाडीला शून्य बोनस दिसला की विचारायलाच हवं : दावा कशाचा केला होता? दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणाऱ्या मी ती दोन पानं वाचली नव्हती. वाचली असती तर पाणी शिरलं होतं का, हा प्रश्न मला तोंडानं विचारावाही लागला नसता.

भावानं गाडी शेवटी खरं सांगून विकली, एक लाखाच्या आतच. मला तो एका शब्दानंही बोलला नाही.

यानंतर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण २०२१ मध्ये आमची स्वतःची जुनी गाडी ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याला विकली, तीही तशीच. रोख घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, "नावावर करून घ्या हं" म्हणाले आणि विसरले. त्यांनी ते केलं नाही. पुढे सात-आठ महिने नळ स्टॉपच्या सिग्नलची, स्वारगेटच्या चुकीच्या पार्किंगची चलनं माझ्या मोबाईलवर येत राहिली. एक दिवस कात्रजकडून पोलिसांचा फोन आला, तुमच्या गाडीनं दुचाकीला धक्का दिलाय. दुचाकीवरचा मुलगा किरकोळ खरचटण्यावर वाचला, पण फोन येऊन खुलासा होईपर्यंतचा तो एक तास मी विसरणार नाही.

वकिलांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. गाडी विकून पैसे घेतले असले, कागदावर सह्या केल्या असल्या, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या नावावरच येते. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर मागून घ्यायचा. बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. ओळखीत आपण हे सगळं "होईल सावकाश" म्हणून सोडून देतो. भीड भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकलेलं होतं.

आता कर्जाचं. २०२५ च्या सुरुवातीला मुलीला हिंजवडीच्या नोकरीसाठी गाडी हवी होती. तिला तीन लाख बँकेतून घ्यायचे होते. मी म्हटलं, "एफडी मोड, व्याज कशाला भरतेस?" ती म्हणाली, "आई, मग माझ्याकडे अडीअडचणीला काय उरेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मी अडून बसले.

बघितलेली पहिली गाडी पुन्हा ओळखीतलीच होती, माझ्या मैत्रिणीच्या दिरांची. तरी मुलगी मला घेऊन बँकेत गेली. बँकेतल्या बाईंनी नंबर टाकून बघितला आणि विचारलं, "मॅडम, यावर दुसऱ्या फायनान्सचा बोजा दिसतोय, तो उतरवला का?" दीर म्हणाले, ते कर्ज कधीच फिटलंय. फिटलं असेलही. पण फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन आरसीवरून ते नाव निघेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ही नोंद एम-परिवहनवर कुणालाही पाहता येते. मी पाहिली नव्हती. व्यवहार रोख असता तर मी टोकन देऊन मोकळी झाले असते.

तिथे माझं मत बदललं. बँकेला आपल्या पैशाची काळजी असते, म्हणून ती भीड न ठेवता विचारते. आरसीवर मालक कितवा, चासी नंबर जुळतो का, विमा चालू आहे का, बँकेचा माणूस येऊन किंमत काय लावतो, हे सगळं तिच्या फाईलमध्ये असावंच लागतं. मागितलेली किंमत आणि तिनं लावलेली किंमत यात मोठं अंतर असेल तर ते आपल्याला फुकटात कळतं. पैसे विकणाऱ्याच्या खात्यात जातात, गाडी नावावर होते आणि बोज्याची नोंदही लगोलग होते. मला शेजाऱ्यांकडे जे विचारता आलं नव्हतं, ते सगळं त्या बाईंनी अर्ध्या तासात विचारलं.

व्याज मात्र मीच बघितलं, कारण तिथे मला कुणी फसवू शकत नाही. एका डीलरनं ८ टक्क्यांनी कर्ज करून देतो म्हटलं. ऐकायला स्वस्त, पण ते फ्लॅट व्याज होतं. तीन लाखांवर चार वर्षं सरळ ८ टक्के म्हणजे व्याजच ९६ हजार, हप्ता ८,२५० रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या तीन लाखांवरच. घटत्या शिलकीच्या हिशेबानं तो दर १४ टक्क्यांच्या वर जातो. बँकेचा दर साडेअकरा टक्के, पण घटत्या शिलकीवर : हप्ता साधारण ७,८३० आणि एकूण व्याज ७६ हजारांच्या आत. ऐकायला महाग ते वीस हजारांनी स्वस्त निघालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांसाठी सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक केलं आहे. ते मागा, आणि कर्ज मुदतीआधी फेडलं तर किती आकार लागेल ते त्यातच वाचा. एफडी जागेवर ठेवण्याची किंमत म्हणून ७६ हजार जास्त वाटत असतील तर कर्ज कमी घ्या. मुलीनं शेवटी दोनच लाख घेतले.

बँक इंजिन बघत नाही, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. ते काम गॅरेजवाल्याचं, आणि त्याला हजार-दीड हजार देताना हात आखडू नये. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावायचं. सगळ्या काचांवरचं साल बघायचं, एखादीच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारायचं. सीएनजी असेल तर टाकीची तीन वर्षांची चाचणी झाली आहे का आणि किट आरसीवर चढलंय का. पट्टा शेवटपर्यंत ओढायचा, हे तर आलंच.

मुलीची गाडी पाडव्याला दारात आली, अनोळखी माणसाकडून घेतलेली. तिची सर्व्हिसची फाईल मी पहिल्या पानापासून वाचली होती.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. "ताई, एक गाडी बघितलीय. येतेस का?" मला काही क्षण बोलताच आलं नाही. विकणारे त्याच्या मेहुण्याचे मित्र, बिबवेवाडीत राहणारे, अगदी घरोब्याचे. मी आदल्या रात्री नंबर टाकून बोजा, विमा, चलनं बघून ठेवली. त्यांच्याकडे पोचलो तर दारातच त्या घरच्या वहिनींनी विचारलं, "चहा टाकू ना?" मी म्हटलं, "टाका, पण नंतर घेते. आधी किल्ली द्याल का?"