जळालेली गाडी आणि तिचे जुने मालक

वस्तू विकली म्हणजे तिच्याशी असलेला आपला संबंध सुटला, असे आपण सर्वच मानतो. कागदावर सह्या झाल्या, पैसे मोजून घेतले, व्यवहार पुरा झाला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले, त्यावरून मालकी आणि ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रीच्या कागदाने त्यांपैकी पहिलीच तेवढी दुसऱ्याकडे जाते, असे मजला वाटू लागले आहे.

आमच्याकडे १९८३ सालची एक प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. सोलापूरकरांस या गाडीविषयी अंमळ अधिक जिव्हाळा वाटावा, यात नवल नाही. ज्यांनी तिचा कारखाना काढला, ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत त्यांनी उडी घेतली. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली मोटार बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ साली आलेली फियाट डिलाइट १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. मद्रासजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर हिच्या बहिणी शर्यतीत धावत. मुंबईत हिनेच काळ्यापिवळ्या टॅक्सीचा वेष घेतला, आणि तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

आमची गाडी थोरल्या भावजींनी २००४ साली विकत घेतली. तिचे मूळ मालक गिरणीतील साचेखात्याचे निवृत्त मास्तर. आम्ही त्यांस काका म्हणतो. दोन गल्ल्या पलीकडे राहत असूनही विक्रीनंतर ते आमच्या दारावरून कधी गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, भर दुपारी, दारातच गाडीने पेट घेतला. पेट्रोलची रबरी नळी उन्हाने व वयाने कडक होऊन तिला चीर पडली होती. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, तेही जुन्या रबरास मानवत नाही. शेजाऱ्यांनी पाण्याच्या बादल्या आणल्या, परंतु भावजींनी त्या थांबविल्या. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आगही पसरते. बॉनेटही एकदम उघडू नये, कारण वारा मिळताच ज्वाला भडकते. समोरच्या बांधकामावरील वाळूने आग विझली. माणसांस इजा झाली नाही. गाडीचा पुढचा भाग मात्र कोळशासारखा झाला.

रात्री जेवणानंतर सर्व मंडळी बसली. चाळीस वर्षांची गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यात हा खर्च! भंगारात द्यावी, असेच बहुतेकांचे मत पडले. भावजी काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. त्यांच्या हाती एक पत्र्याची पेटी आणि खाकी पुठ्ठ्याची जाड वही होती. भावजींस ते आवडले नाही. "गाडी आमची, जळली ती आमच्या दारात, यांनी का यावे?" असे ते आत येऊन मजपाशी म्हणाले. मी चहा घेऊन बाहेर गेले, तेव्हा काका वही पुढे सरकवून म्हणत होते, "सूनबाई, हे तुमच्याकडेच असावयास हवे होते. त्या वेळी देण्याचे धैर्य झाले नाही."

घरचा जमाखर्च मी लिहिते, म्हणून ती वही आधी मीच वाचली. एकवीस वर्षांची प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक तारेचा रंग आणि तिचे ठिकाण, एवढेच नव्हे तर दर सहा महिन्यांस मोजलेली पुढच्या मडगार्डांची जमिनीपासूनची उंची! शेवटची काही पाने मात्र इस्पितळाच्या फेऱ्यांनी भरली होती. काकूंच्या आजारपणासाठी गाडी विकावी लागली, हे आम्हांस तेव्हा कळले. वही भावजींच्या हाती गेली आणि भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

काम आठ महिने चालले. कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, तो वितळून गेला होता. काकांच्या पेटीत जुना एक निघाला. इंजिनाचा ठोकळा बिडाचा, तो तगला. वरचे हेड अॅल्युमिनियमचे, त्यावर सरळ पट्टी ठेवताच मध्ये फट दिसली, तेव्हा ते यंत्रावर सपाट करून घेतले. तारांचे सारे जाळे वहीवरून नव्याने गुंफले. या गाडीस वेगळी चौकट नसते, पत्र्याचे अंगच चौकटीचे काम करते. म्हणून वाकलेला पत्रा केवळ ठोकून न भागता मापे घेऊन जोडावा लागला.

पुढच्या स्प्रिंगांवरून मिस्त्री आणि काका यांच्यात वाद झाला. स्प्रिंगा वरून धडधाकट होत्या, त्या धुऊन बसवाव्यात असे मिस्त्रीचे म्हणणे. काका म्हणाले, "पोलाद वितळले नाही म्हणजे ते वाचले असे नव्हे. आगीत त्याचे पाणी उतरते." वहीतील उंचीशी ताडून पाहिले, तो एक बाजू बोटभर बसलेली! नव्या स्प्रिंगा कुर्ल्याहून मागविल्या. त्या दिवसापासून भावजी काकांस विचारल्यावाचून एक स्क्रूही फिरवीनासे झाले.

शेवटी रंगाचा प्रश्न आला. काकांस बरे वाटावे म्हणून पूर्वीचाच दुधी रंग द्यावा, असे भावजींनी सुचविले. काका हसले आणि म्हणाले, "रंग तुमच्या आवडीचा द्या. माझी गाडी मी विकली. ही तुमची." भावजींनी निळा रंग निवडला आणि परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घेतली.

जुन्या मालकाचा सल्ला बहुधा आपणांस टोचतो, कारण त्यामागे हक्क उभा असावा अशी शंका येते. काकांनी आठ महिने घाम गाळला, परंतु हक्काचा शब्द एकदाही उच्चारला नाही. मदत देणाऱ्याने असे मोकळे राहावे आणि घेणाऱ्याने मानापमान बाजूस ठेवावा, हे दोन्ही अवघड. तथापि ही दोन्ही न साधती, तर कुशल मिस्त्री मिळूनही ती गाडी उभी राहती ना.

वाचकभगिनींस एवढेच सुचवावेसे वाटते की, शिवणयंत्र असो, जाते असो वा राहते घर, विकताना त्याबरोबर त्याची हकीकतही लिहून द्यावी. आणि विकत घेताना जुन्या धन्यास एकदा चहाला बोलवावे. वही आता आमच्या फडताळात आहे. त्यातील पुढील नोंदी भावजींच्या हातच्या आहेत, आणि काका रविवारी येऊन त्या तपासतात.