डावीकडून तिसरी

आमच्या नामपूरच्या घरी मोसम नदीच्या काठावर टिपलेले एक जुने छायाचित्र आहे. पाच स्त्रिया, डोईवर पदर, डोळे उन्हाने बारीक झालेले. डावीकडून तिसरी आमची आजी. टिपणाऱ्या पाहुण्याने मागे एवढेच लिहिले आहे: ‘बागलाणच्या बायका’. लहानपणी आम्हांला त्यात काही खटकले नव्हते.

खटकले ते पुढे, जॉन ग्रिफिथ्स यांचे एक जलरंगचित्र पुस्तकात पाहताना. इंग्लंडात शिकलेले हे वेल्श चित्रकार १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवावयास आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन केल्या, म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८७२ च्या सुमारास त्यांनी एक मासेवाली रंगविली. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात ती आहे ‘डोक्यावर मासा धरलेली स्त्री, मुंबई’ अशा नावाने. माशाची नोंद झाली, शहराची झाली. ती लक्ष्मी होती की मारिया, हे मात्र कळावयास मार्ग नाही.

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. पण त्याच काळात व्हिएन्नाचे रुडॉल्फ स्वोबोडाही होते. १८८६ साली लंडनच्या प्रदर्शनात हिंदुस्थानातून कारागीर नेले होते. त्यांत बरेचजण आग्र्याच्या तुरुंगातले. व्हिक्टोरिया राणीने स्वोबोडांकडून त्यांतील काहींची चित्रे काढवून घेतली आणि मग त्यांना हिंदुस्थानात धाडले. राणीला हवे होते निरनिराळ्या लोकांचे ‘नमुने’. तरीही ऑस्बर्न राजवाड्यातील त्या पांढऱ्या दाढीच्या कुंभाराला नाव आहे: बक्षीराम. वय १०२ असल्याचीही नोंद आहे. ग्रिफिथ्स यांचा हात मोठा, हे आम्ही मानतो. पण नाव विचारावयास रंग लागत नाहीत.

गेल्या नाताळात छायाचित्र घेऊन आम्ही आत्याबाईंपाशी बसलो. पेन्सिलीने मागे एकेक नाव लिहीत गेलो. चार झाली. पाचवीवर बोट ठेवून विचारले, “आणि ह्या कोण हो, आत्याबाई?”

त्यांनी चष्मा पुसला, छायाचित्र खिडकीकडे धरले. “ही मळ्यातली. आम्ही सगळ्या तिला मळ्यातलीच म्हणायचो रे. नाव कधी विचारलंच नाही.”

आम्ही तेवढी जागा कोरी सोडली आहे. गावात अजून दोन घरी विचारावयाचे आहे.