बिनबुडाचा बंब

गेल्या उन्हाळ्यात दोन महिने मी गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत, व्हीएफएक्स विभागात इंटर्न होते. शिकत होते मात्र गेम आर्ट, तेही पुण्यात.

पहिल्याच दिवशी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागला आणि गुप्ततेच्या कागदावर सही झाली. कामाच्या मशीनला इंटरनेट नव्हतं. सही पाळायची म्हणून चित्रपटाचं नाव इथेही सांगत नाही. माझ्या वाट्याला आला जुन्या वाड्यातला तांब्याचा बंब. शॉटमध्ये न्हाणीघरात पुराचं पाणी शिरतं आणि सामान वाहून जातं, एवढंच मला सांगितलं होतं.

गेममध्ये चित्र खेळता खेळता तयार होतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद येतात. त्यामुळे कॉलेजात आम्ही मुख्यतः काटकसर शिकलो. मॉडेलचे त्रिकोण मोजायचे, बारीक उठाव खरा न घडवता नॉर्मल मॅपवर भागवायचा आणि खेळणाऱ्याला जे दिसणार नाही ते सरळ उडवायचं. चित्रपटाला सेकंदाला २४च फ्रेम लागतात, पण त्यातली एकेक रेंडर व्हायला तासन्‌तास लागले तरी चालतं. हे मला पाठ होतं. हाताला मात्र जुनीच सवय.

पहिलं व्हर्जन सकाळच्या डेलीजमध्ये, म्हणजे रोजच्या पाहणीत, लागलं. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर माझा बंब गोल फिरत होता, शेजारी राखाडी आणि चकचकीत असे दोन गोळे. प्रकाश कसा पडतोय ते त्यांच्यावरून कळतं. लीड सरांनी लेझरचा ठिपका काठावर धरला. “कडा बघ. मोजता येतायत.” गोल काठ पडद्यावर बहुकोनी दिसत होता. नॉर्मल मॅप पृष्ठभागावरच्या उजेडाला फसवतो, बाह्यरेषेला नाही. मी मॉडेलची जाळी चौकोनांत पुन्हा बांधली, तांब्यावरच्या ठोक्यांसाठी खरा उठाव देणारं डिस्प्लेसमेंट लावलं. दुसऱ्या वेळी बंब पास झाला आणि मी खूश झाले.

चार दिवसांनी ॲनिमेशनवाल्यांनी तो शॉटमध्ये बसवला. पाणी शिरलं, बंब कलंडला, आडवा झाला आणि आतून आरपार दिसायला लागला. तळ मी कधीच उडवून टाकला होता. जमिनीवर उभ्या वस्तूचा तळ कोण बघतं? टर्नटेबलवर बंब उभाच फिरला होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. खोलीत हशा पिकला. सर म्हणाले, “बिनबुडाचे आरोप ऐकले होते. बिनबुडाचा बंब पहिल्यांदाच बघतोय.”

तळ लावायचा तर तो दिसतो कसा, हे माहीत हवं. नेटवर मिळालेले फोटो सगळे उभ्या बंबांचे, घासूनपुसून दिवाणखान्यात मांडलेल्या. रविवारी पुण्याला आले आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. एका काकांकडे दुरुस्तीला जुना बंब आला होता. मी शिकाऊ आहे म्हटल्यावर त्यांनी तो पोत्यावर आडवा केला. “बघ पोरी, हवा तेवढा वेळ.”

मधल्या नळकांड्यात विस्तव, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राख. काजळी सगळीकडे सारखी नव्हती. ज्या बाजूनं राख ओढत, तिथेच दाट होती. समोरचं पोट चिंच लावून लावून उजळलेलं, मागचं भिंतीकडचं तसंच काळपट. तोटीच्या सांध्यापाशी हिरवट कळा आणि कडीखाली कडी आपटून पडलेला खड्डा. मठारकामाचे ठोके ओळीत होते, पण एकासारखा दुसरा नव्हता. मी सॉफ्टवेअरमधलं तयार मटेरियल लावून सगळ्या कडा सारख्याच झिजवल्या होत्या, ठोक्यांचा एकच तुकडा भोवती फिरवला होता. माझा बंब जुना दिसत होता, पण तो कुणी वापरलेला वाटत नव्हता.

पुढच्या आठवड्यात तळ, जाळी, काजळी सगळं हातानं केलं. पाचवं व्हर्जन मंजूर झालं. सर फक्त “पब्लिश कर” म्हणाले आणि पुढच्या शॉटकडे वळले.

कॉलेजात परतल्यावर तोच प्रकार गेमसाठी केला, तीन हजार त्रिकोणांत आणि एकाच टेक्स्चरमध्ये. जुना बंब स्टुडिओतच राहिला, तो आणता येत नाही. म्हणून हा नव्यानं, काकांकडच्या बंबावरून काढलेल्या रेखाटनांवरून. या वेळीही तळ उडवला, कारण गेममध्ये तो कलंडणार नव्हता. वाचलेले त्रिकोण काठाला आणि तोटीला दिले. काजळी ठेवली.

तपासताना आमच्या सरांनी विचारलं, “ही एकाच बाजूला का? विसरलीस?”

“नाही सर,” मी म्हटलं, “त्या बाजूनं राख ओढतात.”