पांढरी सात

मी पियानो लावतो. पण माझा कान घडला मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत. जवारी काढून झाली की संध्याकाळी कुणीतरी तारा छेडून बघायचं आणि खर्जातून गांधार आपोआप वर यायचा. कुणीही न लावलेला, स्वयंभू. तो एकदा कानात बसला की पियानोवरचा गांधार चढा वाटतो, आणि तो असतोच चढा. सप्तक बारा स्वरांत सारखं वाटायचं तर प्रत्येकाला थोडं थोडं सोसावं लागतं. गांधाराच्या वाट्याला त्यातलं बरंच येतं. मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच आणि तिचा गांधार, म्हणजे पांढरी सात, एकत्र दाबून बघा. सेकंदाला जवळपास आठ हेलकावे ऐकू येतील. शिकाऊ होतो तेव्हा ते हेलकावे मला सहन होत नसत. आता मी ते मोजतो आणि तसेच ठेवतो, कारण एक जोडी गोड करायला गेलं की शेजारची बिघडते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मुंबईत एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. कंडक्टर पाहुणे, पियानो वाजवणारी मुलगीही पाहुणी. व्हायोलिनवाला आपलं वाद्य खांद्याला लावून जगभर फिरतो. पियानोवादकाला मात्र ज्या गावी जाईल तिथलं वाद्य आपलं मानावं लागतं, तेही दोन दिवसांत. म्हणून पाहुण्या वादकासमोर मी नेहमीच थोडा हळवा असतो. तिच्या बोटांखाली काय येणार, हे माझ्या हातात असतं.

त्या दिवशी बेथोवनचा चौथा पियानो कन्चेर्टो होता. त्या काळच्या कन्चेर्टोंत आधी ऑर्केस्ट्रा बराच वेळ वाजतो, श्रोत्यांचा कान तयार होतो. इथे पियानो एकटा सुरू होतो, हळुवार, पाच बार. षड्ज पांढरी पाचचा, आणि वरच्या बाजूला पुन्हा पुन्हा ऐकू येते ती पांढरी सात. मग तंतुवाद्यं अगदी दबक्या आवाजात उत्तर देतात, ती त्या गांधारालाच षड्ज करून! २२ डिसेंबर १८०८ला व्हिएन्नात हा कन्चेर्टो लोकांसमोर पहिल्यांदा वाजला. बेथोवन स्वतः पियानोवर होता आणि सभागृह गारठलेलं होतं. त्या थंडीत ते वाद्य कुणी लावलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तालमीत कंडक्टर त्या पाच बारांत हात खाली ठेवून उभे होते, तिच्याकडे अर्धवट वळून. ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा आला तो जरा ठळक आला. त्यांनी थांबवलं. म्हणाले, तिचा सूर विरतो आहे तिथे आत शिरा, बाहेरून येऊ नका. मग पहिल्या व्हायोलिनना त्यांनी वरचा स्वर किंचित खाली घ्यायला सांगितला. एवढंच. तासाभराच्या ओळखीत माणसं त्यांचं ऐकायला लागली होती.

तालीम संपल्यावर तिने मला बोलावलं आणि मधली पांढरी सात दाबून धरली. काही बोलली नाही. मलाही ऐकू आलं. त्या स्वराच्या तीन तारांपैकी एक उतरली होती, आणि स्वर संथपणे हेलकावत होता. दार सतत उघडं राहिलेलं, बाहेर समुद्र आणि पाऊस. अशा हवेत लाकूड पाणी पितं, फुगतं, ताण बदलतो. प्रेक्षक आत यायला पंचवीस मिनिटं होती.

शेजारच्या दोन तारांना फेल्टच्या दोन पट्ट्या खोचल्या. चावी खुंटीवर बसवली. खुंटी लाकडात घट्ट असते. चावी फिरवली तरी खुंटी आधी नुसती पिळली जाते, मग हलते. म्हणून स्वर केसभर वर नेऊन परत बसवावा लागतो, नाहीतर पहिल्याच जोरकस आघाताला तार घसरते. ती बसली की नाही हे कानाच्या आधी मनगटाला कळतं. एक पट्टी काढली, दोन तारा मिळाल्या. दुसरी काढली. तीन तारांचा एक स्वर झाला. तिने पुन्हा पांढरी सात दाबली, डोळे मिटून संपेपर्यंत ऐकली आणि माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला.

रात्री मी विंगेत उभा होतो. ऑर्केस्ट्राच्या प्रमुख व्हायोलिनवादकाने पियानोवरची पांढरी सहा दाबली, ओबोने ती घेतली, मग सगळ्यांनी. शांतता झाली. कंडक्टरांचे हात खालीच. तिने पहिला स्वरसमूह वाजवला आणि पांढरी सात सभागृहात उभी राहिली, माझी, चढी, पण स्थिर. पाच बार संपले. तंतुवाद्यं आत आली, खरोखरच आतून. माझ्या गांधाराला षड्ज मानून व्हायोलिननी त्यावर त्यांचा गांधार धरला, आणि तो मिरजेतल्या जागेवर होता.