नियमांची सोबत

मुंबईच्या उपनगरांत जागा थोडी आणि मुले फार. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली, दोन इमारतींमधली मोकळी पट्टी हेच तिथल्या कितीतरी मुलांचे क्रीडांगण. माझे बालपण घाटकोपरच्या अशाच एका वसाहतीत गेले. तिथे मी दोन खेळ शिकले. एक बॅडमिंटन आणि दुसरा बास्केटबॉल. या खेळांनी मला चपळपणा दिला. पण त्यांच्या नियमांनी जे दिले, ते अधिक मोलाचे आहे.

आमच्या अंगणात संध्याकाळी मोठी मुले बॅडमिंटन खेळत. पाण्याच्या टाकीपासून बदामाच्या झाडापर्यंत दोरी बांधलेली असे. तेच जाळे. आम्ही मुली आणि लहान मुले कडेला उभी असू. फूल गटाराकडे गेले की आम्ही धावायचे आणि ते आणून द्यायचे. खेळायची पाळी मात्र आमच्यावर कधी येत नसे. "तुम्हांला खेळता येत नाही," हे उत्तर ठरलेले. खेळल्याशिवाय खेळता येणार कसे, याचे उत्तर कोणी देत नसे.

एकदा शाळेच्या मैदानात पावसाचे पाणी साचले होते. म्हणून आमच्या क्रीडाशिक्षकांनी वर्गातच फळ्यावर बॅडमिंटनचे कोर्ट काढले. लांबी 13.40 मीटर. रुंदी दुहेरीसाठी 6.10 मीटर आणि एकेरीसाठी 5.18 मीटर. जाळ्याची उंची मध्यभागी सुमारे दीड मीटर. फुलाला 16 पिसे आणि त्याचे वजन सुमारे 5 ग्रॅम. मग त्यांनी नियम सांगितले. सर्व्हिस नेहमी तिरपी, समोरच्या चौकोनात करायची. एकेरीत आपले गुण शून्य किंवा सम असतील तर उजवीकडून आणि विषम असतील तर डावीकडून. फूल रेषेवर पडले तर ते आत धरायचे. खेळ चालू असताना रॅकेट जाळ्याला लागली किंवा फूल अंगाला वा कपड्याला लागले तर तो दोष.

"सर, सर्व्हिस खालूनच का करायची? वरून का नाही?" मी विचारले.

सर म्हणाले, "पहिलाच फटका वरून जोरात मारू दिला, तर दांडगा खेळाडू समोरच्याला खेळूच देणार नाही. समोरच्यालाही फूल परतवायची संधी हवी ना?"

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. म्हणजे नियम दुसऱ्याच्या बाजूनेही विचार करतो तर!

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या खेळाला इंग्लंडमधील 'बॅडमिंटन हाऊस' या वाड्याचे नाव मिळाले. पण त्याचे जुने नाते आपल्या पुण्याशी आहे. 1870 च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्याला 'पूना' असेही म्हणत. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

बास्केटबॉलची कथाही अशीच आहे. 1891 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला. बाहेर थंडी होती. बंद जागेत धसमुसळे खेळ खेळले तर मुलांना दुखापत होण्याची भीती होती. म्हणून त्यांनी पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाला उंच टांगल्या आणि 13 नियम लिहिले. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही. कोणाला ढकलायचे नाही, पाडायचे नाही. टोपली डोक्याच्या वर असल्यामुळे चेंडू नुसता जोराने मारून चालेना. तो नेम धरून, अलगद टाकावा लागे. दुसऱ्याच वर्षी तिथल्या एका महाविद्यालयातील मुलीही हा खेळ खेळू लागल्या.

आज टोपलीच्या जागी लोखंडी कडे आहे. ते जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू एका हाताने जमिनीवर आपटत पुढे न्यायचा, याला ड्रिबल म्हणतात. ड्रिबल न करता चेंडू घेऊन चालले तर ट्रॅव्हलिंग होते आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. ड्रिबल थांबवून चेंडू हातात धरला की पुन्हा ड्रिबल करता येत नाही. मग साथीदाराला पास द्यायचा किंवा कड्यात टाकायचा. साध्या बास्केटचे दोन गुण, दूरच्या कमानीबाहेरून टाकल्यास तीन आणि फ्री थ्रोचा एक. पाच फाउल झाले की खेळाडूने बाहेर बसायचे.

सर आम्हांला नागपाड्याच्या गोष्टी सांगत. नागपाडा ही दक्षिण मुंबईतील दाट वस्ती. तिथल्या छोट्या मैदानांतून बास्केटबॉलचे अनेक नामवंत खेळाडू पुढे आले. त्यांतलेच एक अब्बास मुनतसिर. ते भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळाडू घडायला मोठी जागाच लागते असे नाही, हे आम्हांला त्यावरून कळले.

पावसाळा संपला. मी विटेच्या तुकड्याने अंगणात कोर्टाच्या रेषा आखल्या. जागा अपुरी होती, म्हणून मापे निम्मी केली. रेषा पाहून मोठी मुले थांबली. मी म्हणाले, "आता हरेल त्याने बाहेर बसायचे. पाळीने सगळे खेळतील." कोणी हसले, कोणी कुरकुरले. पण रेषा सर्वांना दिसत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात रॅकेट आली.

काही आठवड्यांनी वसाहतीतल्या सर्वांत उंच मुलाशी माझा सामना झाला. डाव अटीतटीचा होता. सर्व्हिस माझी होती. माझा एक फटका त्याच्या खांद्यावरून मागे, रेषेच्या बाहेर पडला. "बाहेर!" सगळे ओरडले. मीही सर्व्हिस देण्यासाठी फूल उचलले. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. फूल आधी माझ्या बाहीला लागले. गुण तुझा."

ते कोणीही पाहिले नव्हते. पंच तर नव्हताच. तो डाव शेवटी त्यानेच जिंकला. पण त्या दिवसापासून 'तुम्हांला खेळता येत नाही' हे वाक्य आमच्या अंगणात पुन्हा ऐकू आले नाही.

नियम काळाबरोबर बदलतात. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. पुरुषांचा डाव 15 गुणांचा, तर महिलांच्या एकेरीचा 11 गुणांचा असे. 2006 साली प्रत्येक फेरीला गुण देणारी 21 गुणांची पद्धत आली आणि ती महिला व पुरुष दोघांना सारखीच लागू झाली. त्याच वर्षापर्यंत मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद नऊ वेळा पटकावले होते.

मुलांनो, दांडग्याला नियमांची अडचण वाटते. पण कडेला उभ्या असलेल्याला त्यांचाच आधार असतो. म्हणून खेळाआधी रेषा आखा, नियम सर्वांना समजावून सांगा. आणि फूल तुमच्या बाहीला लागले, तर कोणी विचारण्यापूर्वी तुम्हीच सांगा.